कडी, कोयंडा आणि अंतराळयान

अलीकडे पुष्कळ घरांतून एक नवा जिन्नस दृष्टीस पडू लागला आहे. हात-दीड हात लांबीरुंदीची प्लायवुडाची फळी, तिच्या कडा काचकागदाने घासून गुळगुळीत केलेल्या, आणि तिच्यावर स्क्रूंनी पक्के बसविलेले नानाविध सामान : एक कडी-कोयंडा, एक सरकती खिट्टी, बिजागरीवर उघडणारे तळहाताएवढे दार, वरखाली होणारी दोन-तीन विजेची बटणे, गरगर फिरणारे एखादे चाक, सायकलची घंटी. घरातले मूल दीड-दोन वर्षांचे होऊन दिसेल त्या कपाटाची कडी काढू लागले की आईबाप सुट्टीच्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून हा ऐवज गोळा करून आणतात. आणि फळीला गडद निळा रंग देऊन, वर चांदण्या काढून, बटणांखाली 'इंजिन', 'रडार', 'उड्डाण' अशी अक्षरे लिहून तिला अंतराळयानाच्या नियंत्रणकक्षाचे रूप देण्याची हौसही आता रूढ होत चालली आहे. सोयीसाठी आपण तिला उद्योगफळा म्हणू.

ही वस्तू आपल्या काळातच जन्माला आली, असा पाहणाऱ्याचा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तिच्या अंगी जे दोन गुण एकत्र नांदतात, म्हणजे मुलाच्या हाती खरी वस्तू देणे आणि त्या वस्तूभोवती कथेचे वलय उभे करणे, त्या दोहोंचे वंश अगदी भिन्न असून ते एकमेकांशी दीर्घकाळ विरोधाने वागले आहेत. आणि त्यांचा समेट घडवून आणण्याच्या कामी भावनगर, बोर्डी आणि कोसबाड या आपल्याकडील गावांचा वाटा रोम आणि पॅरिस यांहून तिळमात्र कमी नाही, असे माझे मत आहे. त्या मताच्या पुष्टीसाठी हा इतिहास थोडा सविस्तर सांगणे अवश्य आहे.

त्याचा आरंभ इ. स. १८०० च्या फ्रान्सात होतो. त्या वर्षीच्या जानेवारीत दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों प्रांतात रानातून एक सुमारे बारा वर्षांचा मुलगा माणसांच्या वस्तीत आला. तो नग्नप्राय होता, त्याला भाषा नव्हती, आणि माणसाच्या सहवासाची सवय त्याला कधी लागली असावी असे त्याच्या वर्तनावरून दिसत नव्हते. पॅरिसच्या मूकबधिर विद्यालयात त्याची रवानगी झाली. तेथल्या पंडितांनी तो जन्मतःच बुद्धिहीन असल्याचा निर्वाळा दिला. आणि पंचविशीतील एका वैद्याने तो निर्वाळा अमान्य करून त्या मुलाच्या शिक्षणाचा भार शिरावर घेतला. या वैद्याचे नाव झां मार्क गास्पार इतार. मुलाचे नाव त्याने व्हिक्टर असे ठेवले, आणि पुढील सुमारे पाच वर्षे तो त्याच्या पाठीशी अशा निष्ठेने उभा राहिला, की शिक्षणशास्त्राच्या इतिहासात त्याला जोड सापडणे कठीण आहे.

व्हिक्टरला शब्द कळत नसत, पण वस्तू जागच्या जागी असाव्यात याची त्याला विलक्षण ओढ होती. घरातील एखादे भांडे वा आसन हलविले गेले, तर ते पूर्ववत करण्यासाठी तो प्रसंगी बिछान्यातून उठून येई. या ओढीचाच इतारने शिक्षणासाठी उपयोग केला. त्याने दोन फूट चौरस अशी एक फळी घेतली, तिच्यावर तांबडे वर्तुळ, निळा त्रिकोण आणि काळा चौकोन असे तीन कागद डकविले, आणि त्याच रंगाचे व आकाराचे, मध्ये छिद्र असलेले पुठ्ठ्याचे तुकडे फळीवरच्या खिळ्यांना अडकविण्याचे काम मुलाला दिले. मुलाने ते केले. मग इतारने रंग बदलले, आकार बदलले, जागा बदलल्या. दर खेपेस अडचण एका पायरीने वाढविली. व्हिक्टर बोलायला शिकला नाही, आणि या अर्थाने इतारचा प्रयत्न निष्फळ झाला असे म्हणण्याची प्रथा आहे. पण भिंतीशी टेकवून ठेवलेली ती फळी, तिच्यावरचे खिळे आणि तिच्यापुढे उभे असलेले ते मूल पाहिले म्हणजे आजच्या उद्योगफळ्याचा मूळपुरुष तोच, याविषयी माझ्या मनात संदेह राहत नाही.

इतारचा शिष्य एदुआर सेगँ याने गुरूचा हा प्रयोग एका मुलापुरता न ठेवता मंदबुद्धी समजल्या जाणाऱ्या सर्वच मुलांसाठी त्याची पद्धत बांधली. १८४६ साली त्याने त्या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि पुढे स्वदेश सोडून तो अमेरिकेत स्थायिक झाला. लाकडी फळीत कोरलेल्या खोलगट घरांत त्याच आकाराचे दहा ठोकळे बसवावयाचे, अशी जी त्याच्या नावाने प्रसिद्ध असलेली फळी आहे, ती आजही आपल्या देशातील बालमानसोपचाराच्या दवाखान्यांतून मुलाची समज मापण्यासाठी मेजावर मांडली जाते. घड्याळ लावून ती फळी पाहणाऱ्या आईबापांच्या मनात त्या वेळी केवढी काळजी असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ती नुसती परीक्षेची वस्तू वाटू नये. ज्या मुलांविषयी सर्वांनी आशा सोडली होती त्यांच्यासाठी एका माणसाने आयुष्य वेचले, याची ती खूण आहे.

सेगँच्या पश्चात त्याचे ग्रंथ बहुतांशी विस्मृतीत गेले. ते पुन्हा बाहेर काढले डॉ. मारिया माँटेसोरी यांनी. १८९६ साली रोम विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतलेल्या या बाईंनी इतार आणि सेगँ यांचे लेखन इटालियन भाषेत स्वहस्ते उतरवून काढले, केवळ अशासाठी की लिहिता लिहिता प्रत्येक शब्दाचा भार मनावर पडावा. आरंभी त्यांनी हे ज्ञान मतिमंद मुलांसाठी वापरले. आणि ती मुले सामान्य मुलांच्या बरोबरीने परीक्षा उतरू लागली, तेव्हा सगळे जग आश्चर्य करीत असता बाईंना मात्र निराळाच प्रश्न पडला, की मग निरोगी मुलांना आपल्या शाळा एवढ्या खालच्या पायरीवर का अडकवून ठेवतात?

उत्तर शोधण्याची संधी ६ जानेवारी १९०७ रोजी आली. रोमच्या सान लोरेंझो या दरिद्री वस्तीत एका गृहनिर्माण संस्थेने मोडकळीस आलेल्या इमारती दुरुस्त करून कामकरी कुटुंबांना भाड्याने दिल्या होत्या. आईबाप दिवसभर कामावर जात, आणि मागे राहिलेली लहान मुले जिने व भिंती खराब करीत. तेव्हा त्या मुलांना एका खोलीत एकत्र सांभाळण्याची तजवीज संस्थेच्या चालकांनी केली. इमारतीच्या देखभालीचा खर्च वाचावा हा त्यांचा मूळ हिशेब होता, आणि त्यातून 'बालकांचे घर' निघाले. त्या घरात माँटेसोरीबाईंनी जी साधने ठेवली, त्यांत आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची वस्तू म्हणजे पोशाखाच्या चौकटी. लाकडाची चौकोनी चौकट, तिच्यावर दोन्ही बाजूंनी कापडाचे वा कातड्याचे दोन पडदे ताणलेले, आणि ते मधोमध जोडण्यासाठी एका चौकटीवर गुंड्या व काजे, दुसरीवर आकडे, तिसरीवर टिचबटणे, चौथीवर नाडी, पाचवीवर रेशमी फितीची सुरगाठ.

एका चौकटीवर एकच अडचण, हे या साधनाचे मर्म होय. मुलाचे लक्ष एकाच क्रियेवर खिळावे, चूक झाली तर ती वस्तूनेच त्याला दाखवावी, गुंडी चुकीच्या काजात गेली की शेवटी एक काज रिकामे उरावे आणि शिक्षिकेला तोंड उघडण्याचे कारणच पडू नये, अशी त्यामागील योजना होती. आजचे उद्योगफळे पाहताना या नियमाची मला पदोपदी आठवण होते. एका हातभर फळीवर वीस-पंचवीस वस्तू दाटीवाटीने ठोकून दिल्या, तर पाहुण्यांना कौतुक वाटते, परंतु दोन वर्षांच्या मुलाचा हात एकीवरून दुसरीवर नुसता उड्या मारतो आणि कोणतीच कडी त्याच्या पूर्ण ताब्यात येत नाही. चार किंवा पाच वस्तू, दोहोंच्या मध्ये मुलाचा पंजा मोकळेपणाने फिरेल एवढे अंतर, आणि प्रत्येकीची अडचण दुसरीहून वेगळी, एवढे जाणून जो फळा करील तो रोमच्या त्या खोलीशी इमान राखील.

माँटेसोरीबाईंना सान लोरेंझोत आणखी एक गोष्ट आढळली, आणि तीच पुढे वादाचे मूळ झाली. धनिक स्त्रियांनी भेट दिलेल्या सुंदर बाहुल्या व खेळणी खोलीत ठेवली असतानाही मुले त्यांच्याकडे फिरकत नसत. ती गुंडीच्या चौकटीशी किंवा लाकडी दट्ट्यांशी तासन् तास रमत. यावरून बाईंचे असे ठाम मत झाले, की लहान मुलाला खरी वस्तू आणि खरे काम हवे असते. पऱ्या, राक्षस व अद्भुताच्या कथा त्याच्या कोवळ्या मनावर मोठ्यांनी लादलेल्या असतात, आणि वास्तवाची पकड घट्ट होण्यापूर्वी त्या देऊ नयेत. अंतराळयानाचे रूप दिलेला फळा त्यांना दाखविला असता, तर त्यांनी कडी-कोयंडा पसंत करून चांदण्या पुसावयास सांगितल्या असत्या, असे मला वाटते.

येथून ही कथा आपल्या मुलखात येते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर उघडले. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता माँटेसोरी पद्धतीकडे वळले, आणि त्या पद्धतीचे निष्ठावंत उपासक झाले. परंतु एका बाबतीत त्यांनी गुरूची आज्ञा मानली नाही. काठेवाडच्या लोककथांचे विपुल धन त्यांनी मुलांसाठी वेचून ठेवले, गोष्ट कशी सांगावी याचे शास्त्र लिहिले, नाटके बसविली. चौकटीवरची गुंडी आणि चिमणी-कावळ्याची गोष्ट या दोहोंना त्यांच्या बालमंदिरात समान मानाचे स्थान होते. गोष्ट ऐकणाऱ्या मुलाचा हात कामात ढिला पडतो असे त्यांना दिसले नाही. त्यांनी डोळ्यांनी जे पाहिले ते ग्रंथातील वचनाहून अधिक प्रमाण मानले, आणि यातच त्यांचा मोठेपणा आहे.

याच सुमारास राजकोटच्या बार्टन स्त्री-अध्यापन विद्यालयाचे मुख्याध्यापिकेचे पद सोडून ताराबाई मोडक भावनगरला आल्या. मुंबईत १८९२ साली जन्मलेल्या, पदवीधर झालेल्या, मानाच्या नोकरीवर असलेल्या या मराठी स्त्रीने तीन-चार वर्षांच्या मुलांची शाळा चालविण्यासाठी तो मानमरातब सोडावा, ही गोष्ट त्या काळी किती अपूर्व होती याची कल्पना आज करणे कठीण आहे. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, 'शिक्षणपत्रिका' निघाली, आणि तिच्या द्वारा हा विचार गुजरातीप्रमाणेच मराठी घरांतूनही पोहोचू लागला. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला.

१९३९ च्या जून महिन्यात गिजुभाई कालवश झाले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात स्वतः माँटेसोरीबाई थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून अड्यारला आल्या. गुरू-शिष्यांची ही भेट केवळ काही महिन्यांनी हुकली. बाईंच्या पहिल्याच अभ्यासक्रमास तीनशेहून अधिक शिक्षक जमले. पुढच्या वर्षी जून महिन्यात इटली युद्धात उतरली, आणि इटालियन नागरिक म्हणून हिंदुस्थान सरकारने बाईंना अड्यारच्या आवारात नजरकैदेत ठेवून त्यांचे पुत्र मारिओ यांची रवानगी तेव्हाच्या अहमदनगरच्या तळावर केली. सत्तर वर्षांच्या त्या मातेचा मुलगा तिला दोनेक महिन्यांनी परत मिळाला. युद्ध संपेपर्यंत त्यांना हा देश सोडता आला नाही, आणि कोडाईकनालच्या टेकड्यांवर मुलांबरोबर झाडे, पाने, कीटक पाहत त्यांनी जी वर्षे घालविली, त्यांत विश्वाच्या उत्पत्तीपासून माणसापर्यंतची एक अखंड कहाणी मुलांना सांगावी असा विचार त्यांच्या शिकवणुकीत परिपक्व झाला. सूर्य, तारे आणि ग्रह यांची गोष्ट सहा वर्षांपुढील मुलांना सांगण्याची मुभा बाईंनी स्वतःच दिली, आणि ती भारतात असताना दिली, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

मात्र बाईंची मूळ साधने महाग होती. अचूक मापाची, परदेशी लाकडाची, कारखान्यात घडविलेली ती साधने शहरातील सुखवस्तू घरच्या मुलांपुरतीच राहिली असती. ती कोंडी फोडली ताराबाईंनी. १९४५ साली त्या दादर सोडून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या, आणि तेथे त्यांना शिक्षिका अनुताई वाघ येऊन मिळाल्या. आरंभी गरीब वस्त्यांतील मुले शाळेत येईनात. त्यांना कडेवरची भावंडे सांभाळायची असत. तेव्हा ताराबाई शाळा घेऊन वस्तीवर गेल्या. कोणाच्या तरी अंगणात सावली पाहून मुले जमवावयाची, त्यांना न्हाऊमाखू घालावयाचे, आणि मग जे हाताशी असेल त्याचे साधन करावयाचे : समुद्राचे शिंपले, चिंचोके, बांबूचे तुकडे, माती, पाने, खडे. शिंपले आकाराप्रमाणे लावता येतात, चिंचोके मोजता येतात, बांबूच्या पेरांची लांबी चढत्या क्रमाने मांडता येते. रोमच्या साधनांतील तत्त्व तेच राहिले, द्रव्य मात्र गावचे झाले. हीच ती अंगणवाडी. १९५७ साली हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरू लागली. आणि १९७५ साली केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा बोर्डीच्या अंगणातील ते नाव साऱ्या देशाच्या दफ्तरी दाखल झाले. अनुताई १९९२ पर्यंत हयात होत्या, आणि अखेरपर्यंत त्या कोसबाडच्याच राहिल्या.

घरच्या आईबापाने दुकानातील तयार खेळण्याऐवजी चार स्क्रू आणि एक कडी आणून फळा करावा, यात काही कमीपणा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा बोर्डीचा वारसा आठवावा. तसे पाहिले तर आपल्या घरांत त्याही आधीची परंपरा होती. पाळण्यावर टांगलेले चिमणाळे, हातातील खुळखुळा, उभे राहू लागलेल्या मुलाचा पांगुळगाडा, या सगळ्या वस्तू गावचा सुतार किंवा घरची आजी करीत असे. आणि सावंतवाडीच्या चितार आळीत कातलेल्या लाकडावर लाखेचा रंग चढवून जी फळे-भाज्या व खेळभांडी तयार होत, त्यांची ख्याती दूरवर होती. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकविली म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडात जिरते. हा रंग पोपडे होऊन सहज सुटत नाही, आणि जे मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालते त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

आता दुसऱ्या, म्हणजे कथेच्या, वंशाकडे वळू. ज्यूल व्हर्नने १८६५ साली आपल्या नायकांना तोफेच्या गोळ्यातून चंद्राकडे पाठविले. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी 'केरळकोकिळ' मासिकाने ती सफर मराठी वाचकांना घडविली, आणि पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांचा मित्रच करून टाकला. खेळण्यांच्या पेठेत मात्र हा विषय अमेरिकेच्या मार्गाने उतरला. १९२९ च्या जानेवारीत तेथील वृत्तपत्रांतून बक रॉजर्स या भविष्यकाळातील वीराची चित्रमालिका सुरू झाली, आणि १९३४ साली मिशिगनमधील डेझी कंपनीने त्याचे पत्र्याचे 'रॉकेट पिस्तूल' बाजारात आणले. युद्धानंतर पराभूत जपानातील कारागिरांनी अमेरिकन सैन्याने टाकून दिलेल्या डब्यांचा पत्रा कापून खेळणी करण्यास आरंभ केला, आणि पुढील दशकात त्यांच्या कारखान्यांतून किल्लीने चालणारे यंत्रमानव व अंतराळयाने जगभर गेली. उपाशी देशातील माणसांनी भंगारातून उद्याच्या जगाची खेळणी घडवावीत, याविषयी मला नितांत आदर वाटतो. तरी त्या पत्र्याच्या दुमडलेल्या कडा बोट कापीत, हेही नमूद केले पाहिजे.

त्या काळातील सर्वांत विलक्षण दाखला अमेरिकेतील गिल्बर्ट कंपनीच्या 'अणुशक्ती प्रयोगशाळे'चा. १९५० साली निघालेल्या आणि ४९.५० डॉलर किमतीच्या या पेटीत मुलांसाठी चक्क युरेनियमयुक्त खनिजाचे नमुने ठेवलेले होते. विज्ञानाचे कौतुक करणाऱ्या समाजाला विज्ञानाचा धाक वाटू लागला नव्हता, अशा थोड्या वर्षांतील ती वस्तू. ती फार काळ विकली गेली नाही.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुतनिक आकाशात गेला, १२ एप्रिल १९६१ रोजी गागारिन गेला, आणि जे आजवर कथेत होते ते खरे झाले. माझ्या मते या कथेची कलाटणी येथे आहे. अपोलोच्या मुख्य यानकक्षात तीन माणसांभोवती २४ उपकरणे, ५६६ खटके, ४० यांत्रिक दर्शक आणि ७१ दिवे होते. तरंगणाऱ्या माणसाचा हात वा पाय चुकून लागून भलताच खटका पडू नये म्हणून खटक्यांच्या अंगास धातूच्या लहान कमानी बसविलेल्या होत्या. जुलै १९६९ मध्ये चंद्रावरून परत निघताना, ज्या खटक्याने वर नेणाऱ्या इंजिनाला वीज मिळावयाची त्याचे टोक मोडलेले आढळले, आणि अंतराळवीर आल्ड्रिनने शाईच्या एका साध्या पेनाचे टोक खुपसून तो आत ढकलला. अशा रीतीने अंतराळयानाचा नियंत्रणकक्ष हीच माणसाच्या हाताने, एकेक खटका दाबून करावयाच्या खऱ्या कामाची जागा ठरली. माँटेसोरीबाईंचा आक्षेप परीकथेला होता. ज्या फळ्यावरील खटका खरोखर वरखाली होतो, आणि ज्या यानाचे नाव त्यावर लिहिले आहे ते खरोखर चंद्रावर जाऊन आले आहे, तेथे कथा आणि वास्तव यांच्यात भांडण उरत नाही. गिजुभाईंनी जो समेट केला त्याला इतिहासाने मागाहून दुजोरा दिला. १९७३ साली फिशर-प्राइस कंपनीने पाळण्याला बांधता येणारा, चकत्या, घंटी व आरसा असलेला प्लास्टिकचा खेळफळा काढला आणि लक्षावधी घरांत ही कल्पना नेली. तरी प्लास्टिकच्या खोट्या चकतीपेक्षा लोखंडाची खरी खिट्टी मुलाला अधिक शिकविते, हे घरी फळा करणारे आईबाप आपल्या अनुभवाने जाणतात.

खऱ्या वस्तूच्या पाठोपाठ खरा धोकाही येतो, आणि त्याच्या बंदोबस्ताचाही इतिहास आहे. १९०४ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरी लॉकहार्ट गिब्सन नावाच्या डॉक्टराने लेख लिहून दाखवून दिले, की क्वीन्सलँडमधील मुलांना होणारी शिशाची विषबाधा व्हरांड्याच्या कठड्यांच्या रंगातून होते. उन्हाने भुकटी झालेला रंग हाताला लागतो आणि हात तोंडात जातो. तेथील कायद्याने मुलांच्या आटोक्यात असलेल्या ठिकाणी असा रंग लावण्यास मनाई केली, ती १९२२ साली. वैद्याने सांगितल्यापासून सरकारने ऐकेपर्यंत अठरा वर्षे गेली, आणि तरीही ते सरकार जगात अग्रेसरांपैकी होते. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर बंदी १९७८ साली आली, आणि आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे हा नियम १९१७ नव्हे, २०१७ च्या नोव्हेंबरापासून अंमलात आला. मधल्या काळात किती मुलांच्या बुद्धीची हानी झाली याचा विचार मनात आला की मन विषण्ण होते.

कड्यांच्याही बाबतीत एक दुःखद प्रकरण आहे. बाहेरून खटका बसणाऱ्या जुन्या शीतकपाटांत लपावयास गेलेली मुले आत गुदमरून मरत, म्हणून अमेरिकेत १९५६ साली कायदा झाला, की दार आतून उघडता आले पाहिजे. १९५८ पासून तो लागू झाला आणि दारांना चुंबकाची पट्टी आली. पुढे तेथेच खेळण्यांचे सुटे भाग तपासण्यासाठी एक नळकांडे ठरविण्यात आले, ज्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. त्यात जी वस्तू पूर्णपणे मावते ती तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकते, म्हणून वर्ज्य. भारतात खेळण्यांवर मानक संस्थेची मुद्रा असण्याची सक्ती १ जानेवारी २०२१ पासून झाली.

घरी केलेल्या फळ्यावर कोणाची मुद्रा नसते. म्हणून वरील सर्व जाबता घरच्या कारागिराने स्वतःच स्वतःला लागू करावा लागतो. विजेची बटणे कोरडी ठेवावीत, त्यांना तार जोडू नये, आणि फळ्यात दिवा हवाच असेल तर तो स्क्रूने बंद होणाऱ्या पेटीतील साध्या पेन्सिल-सेलवर चालवावा. बटणासारखा चपटा सेल मुळीच वापरू नये, कारण तो गिळला गेल्यास दोन तासांच्या आतही अन्ननलिका जाळू शकतो. सुटे चुंबक नकोत. दोरी वीतभराहून लांब नको, कारण ती गळ्याभोवती फिरू शकते. खिट्टी व दाराच्या फटीत बोट चिमटले जाऊ नये म्हणून दार एक तर बोट सहज मावेल इतके सैल, नाही तर बोट शिरणारच नाही इतके नेटके बसवावे. स्क्रूची टोके फळीच्या पाठीमागून बाहेर आलेली नाहीत ना, हे तळहात फिरवून पाहावे, आणि पाठीला दुसरी पातळ फळी मारावी. रंग शिसेविरहित, जलाधारित आणि पूर्ण वाळलेला असावा. फळा भिंतीला पक्का जखडावा, मुलाच्या छातीच्या उंचीवर, म्हणजे ते धरून उभे राहिले तरी तो अंगावर येणार नाही. महिन्यातून एकदा सगळे स्क्रू आवळावेत. आणि एखादी कडी मुलाला डोळे मिटूनही उघडता येऊ लागली, की ती काढून तिच्या जागी अधिक अवघड कडी बसवावी, जसे इतार व्हिक्टरसाठी करीत असे.